नाव झाकलं की हिशेबही झाकला जातो

नोव्हेंबर २०२५च्या मध्याला २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले आणि त्याबरोबरच त्या कायद्याने केलेली दुरुस्ती लागू होऊन माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते हे सांगणारं कलम, बदललं. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात हेच कलम ‘आठ-एक-जे’ म्हणून येतं. त्यावर वाद चालू आहे, पण दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभं राहून भांडताहेत. एक बाजू म्हणते, खासगीपणा ही भ्रष्ट अधिकाऱ्यांनी शोधलेली पळवाट आहे. दुसरी म्हणते, सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवल्यावर माहिती अधिकाराला कात्री लागणं अटळच होतं. दोन्ही विधानं एकमेकांच्या विरुद्ध दिसली तरी त्यांच्या मुळाशी समज एकच आहे: एक हक्क वाढला की दुसरा तेवढाच घटतो. हा समजच खोटा आहे. जुनं आठ-एक-जे हे खासगीपणाचंच कलम होतं. ते खासगीपणा जपत होतं आणि सार्वजनिक कामाचा हिशेबही मागू देत होतं. दुरुस्तीने त्यातला खासगीपणा वाढवलेला नाही, तोलून पाहण्याची सक्ती तेवढी काढून टाकली आहे. म्हणून ती मागे घेतली पाहिजे, आणि ही मागणी डेटा संरक्षण कायदा मनापासून हवा असणाऱ्यांनी सर्वांत आधी केली पाहिजे.

मूळ कलम काय सांगत होतं? वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण कधी? तिचा कोणत्याही सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल तेव्हा. किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यावर नाहक आक्रमण होत असेल तेव्हा. तेव्हाही व्यापक लोकहित मोठं आहे अशी जन माहिती अधिकाऱ्याची किंवा अपील अधिकाऱ्याची खात्री पटली, तर माहिती द्यायचीच. आणि शेवटी एक परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करणारा माणूस आणि सभागृहात प्रश्न विचारणारा आमदार यांना माहितीपुरतं एका पातळीवर आणणारं हे वाक्य होतं. आता ही सगळी रचना गेली. ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती’ एवढे मोजके शब्द उरले. अट नाही, अपवाद नाही, परंतुक नाही. वैयक्तिक माहिती म्हणजे काय, याची व्याख्याही माहिती अधिकार कायद्यात नाही.

याचा अर्थ कळायला एक कागद डोळ्यांसमोर आणावा. रोजगार हमीच्या कामाचं हजेरीपत्रक. त्यात रकाने असतात: मजुराचं नाव, जॉबकार्डाचा क्रमांक, कोणकोणत्या दिवशी हजर, किती मजुरी, सही किंवा अंगठा. यातला कोणता रकाना वैयक्तिक नाही? नाव खोडलं तर खाली उरते ती एकूण हजेरी आणि एकूण रक्कम, आणि ती बेरीज नेहमीच बरोबर येते. घोटाळा कधीच बेरजेत नसतो, तो नावात असतो. डिसेंबर १९९४मध्ये राजस्थानच्या पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. तिथे आणि त्यानंतरच्या सुनावण्यांमध्ये हजेरीपत्रकं मोठ्याने वाचली गेली. वाचलेलं नाव ऐकून गावकरीच सांगत, हा माणूस कधीच वारला, ही बाई त्या वर्षी गावात नव्हती, हा तर कामावर गेलाच नव्हता. कुठल्याही लेखापरीक्षकाला सापडलं नसतं ते गावाला एका दुपारी सापडत होतं, कारण गाव नावांना ओळखतं. या देशातला माहितीचा अधिकार अशा नावं वाचण्यातून उभा राहिला आहे. त्यातून नावंच काढून घेतली, तर मागे राहणारा कायदा नेमका कशाची माहिती देणार?

महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. आपल्याकडे केंद्राच्या कायद्याआधीच राज्याचा माहिती अधिकार कायदा होता, त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. कुलाब्यातल्या ‘आदर्श’ सोसायटीचं प्रकरण आठवा. एकतीस मजली इमारत होती, जमिनीच्या मालकीचा वाद होता, परवानग्यांचे प्रश्न होते. या गोष्टी कागदोपत्री कितीही गंभीर असल्या तरी लोकांच्या लक्षात राहिली ती सभासदांची यादी. राजकारणी, सनदी अधिकारी, लष्करी अधिकारी यांचे नातलग त्या यादीत होते. परवानगी देणारा हात आणि फ्लॅट घेणारा हात यांचं नातं नावांमुळेच दिसलं, आणि ती कागदपत्रं बाहेर काढण्यात माहिती अधिकाराच्या अर्जांचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर २०१०मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. आज तोच अर्ज केला तर? सभासदाचं नाव, त्याचं कुणाशी असलेलं नातं, त्याचं उत्पन्न, ही एकूण एक वैयक्तिक माहिती आहे. नकाराच्या पत्राला आता एक ओळ पुरेल: ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.’ या ओळीत कायद्याच्या दृष्टीने आता कुठलीही त्रुटी नाही, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच. पूर्वीही ही ओळ लिहिली जायची, पण तेव्हा ती अपुरी होती आणि अपिलात तसं दाखवून देता यायचं.

आता समोरच्या बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं घेऊ. २००५मध्ये माहिती मिळायची ती झेरॉक्सच्या गठ्ठ्यात. तो गठ्ठा अर्जदाराच्या घरी, फार तर स्थानिक वार्ताहराच्या टेबलावर पडून राहायचा. आज त्याच यादीचा फोनवर काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत हजारो लोकांकडे पोचतो, आणि एका यादीतलं नाव, दुसरीतला मोबाइल नंबर, तिसरीतला बँक खात्याचा तपशील जोडून एखाद्या वृद्ध लाभार्थ्याला लुबाडणं सोपं झालं आहे. सरकारी संकेतस्थळांवर लोकांचे आधार क्रमांक उघडे पडल्याची प्रकरणं घडलेली आहेत. पारदर्शकतेच्या उत्साहात गरिबांच्या आयुष्याचा तपशील वेशीवर टांगला गेला, हे माहिती अधिकाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य करायला हवं. एखाद्या कर्मचाऱ्याची वैद्यकीय रजा कोणत्या आजारासाठी होती, घटस्फोटाच्या भांडणात नवऱ्याच्या किंवा बायकोच्या सेवापुस्तकात काय आहे, असले अर्जही सर्रास होतात. त्यांना नकार मिळणंच योग्य आहे.

पण या सगळ्यावर उपाय माहिती अधिकार कायद्यात आधीपासून होता. कलम १० सांगतं की नाकारण्याजोगा भाग वेगळा काढता येत असेल तर तो वगळून उरलेली माहिती द्यावी. हजेरीपत्रकातला खाते क्रमांक, आधार, मोबाइल यांवर काळी शाई फिरवा. नाव, काम, दिवस आणि रक्कम राहू द्या. यात कुणाचा खासगीपणा धोक्यात येतो? सार्वजनिक पैसा कुणाच्या नावावर खर्च पडला हे सांगणं वेगळं आणि त्या माणसाच्या खात्याची किल्ली जगाला देणं वेगळं. रकाना रकान्याने विचार करण्याचं हे काम कंटाळवाणं आहे, वेळखाऊ आहे, आणि नेमकं ते टाळण्याची मुभा नव्या शब्दरचनेने दिली आहे. तंत्रज्ञानाने धोका वाढवला असेल तर तोलून पाहण्याची गरजही वाढली. ती संपली कशी?

‘पुट्टस्वामी निकालानंतर दुसरा पर्याय नव्हता’ हे म्हणणं तर तारखांपुढेच टिकत नाही. खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा नऊ न्यायमूर्तींचा तो निकाल ऑगस्ट २०१७चा. त्यानंतर नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराखाली येतं असा निकाल दिला. त्या निकालात मूळ आठ-एक-जे पुट्टस्वामीच्या प्रकाशात वाचलं गेलं, आणि खासगीपणा व लोकहित यांचा तोल कसा सांभाळायचा याचं विवेचन झालं. ते कलम मूलभूत हक्काशी विसंगत आहे असं पीठाने म्हटलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये निवडणूक रोख्यांचा निकाल आला. तिथेही सरकारचा युक्तिवाद देणगीदाराच्या खासगीपणाचाच होता. न्यायालयाने तो हक्क नाकारला नाही; माहितीचा हक्क आणि खासगीपणाचा हक्क दोन्ही समान मानून, कोणत्याही एकाला गरजेपेक्षा जास्त इजा होते का हे दोन्ही बाजूंनी तपासलं, आणि योजना रद्द केली. मग रोखे कुणी घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले, ही नावं देशाला कळली. खासगीपणा मूलभूत हक्क झाल्यावर तोल साधायचा कसा, याचं उदाहरण न्यायालयाने स्वतः घालून दिलेलं आहे. ते असताना तोलाचीच तरतूद पुसून टाकायची आणि वर त्याच न्यायालयाचं नाव पुढे करायचं, हा प्रामाणिक युक्तिवाद नाही.

खासगीपणाचा कायदा कसा असावा यावर सरकारनेच नेमलेल्या समित्यांनी काय सांगितलं होतं? न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या गटाने २०१२मध्ये बजावलं होतं की माहिती अधिकाराखाली दिलेली माहिती हा खासगीपणाचा भंग मानला जाऊ नये. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८च्या मसुद्यात आठ-एक-जे बदलायला सुचवलं होतं, हे खरं. पण त्यातही माहिती उघड झाल्याने होणारं नुकसान लोकहितापेक्षा मोठं आहे का, हे पाहणं बंधनकारक होतं. युरोपच्या ज्या डेटा संरक्षण नियमावलीचा दाखला आपल्याकडे उठसूट दिला जातो, तिच्या ८६व्या कलमात सरकारी कागदपत्रं जनतेला मिळण्याचा हक्क आणि वैयक्तिक डेटाचं संरक्षण यांची सांगड घालायला सांगितलं आहे, ८५व्यात पत्रकारितेसाठी सवलत आहे. आपल्या २०१८ आणि २०१९च्या मसुद्यांतही पत्रकारांसाठी सवलत होती. २०२३च्या कायद्यात ती नाही. हे विधेयक लोकसभेत ७ ऑगस्ट आणि राज्यसभेत ९ ऑगस्ट २०२३ला आवाजी मतदानाने मंजूर झालं. माहिती अधिकाराचा गाभा बदलणारी दुरुस्ती त्याच्या शेवटाला, कलम ४४च्या एका पोटकलमात होती.

सरकारचं खरं उत्तर वेगळंच आहे आणि ते ऐकायला वाजवी वाटतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) शाबूत आहे ना? उघड करण्यातलं लोकहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकतं, असं ते सांगतं. मग बिघडलं कुठे? पहिला फरक सुरुवात कुठून करायची याचा आहे. जुन्या कलमात अधिकाऱ्याला आधी दाखवावं लागायचं की या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही. तिथेच अनेक नकार कोसळायचे, लोकहिताच्या मुद्द्यापर्यंत जायची वेळच यायची नाही. आता त्याने एवढंच म्हणायचं की यात नाव आहे. पुढचं सगळं ओझं व्यवहारात अर्जदारावर. कायद्याच्या १९(५) प्रमाणे नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अपिलात आजही अधिकाऱ्यावरच आहे, पण सिद्ध करण्यासारखं उरलंय काय? आणि ज्याच्या हाती कागदच नाही, त्याने त्या कागदात लोकहित आहे हे कसं पटवून द्यायचं? घोटाळा आहे हे दाखवल्याशिवाय यादी मिळणार नाही आणि यादी मिळाल्याशिवाय घोटाळा दिसणार नाही, अशी ही अडचण आहे. दुसरा फरक ‘देऊ शकतं’ या मुभेत आहे. ८(२)मध्ये सवलत देण्याचा विवेक प्राधिकरणाचा आहे, म्हणजे अनेकदा त्याच कार्यालयाचा ज्याच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारला गेलाय. तालुक्याच्या ठिकाणी बसलेला माहिती अधिकारी हा विवेक वापरण्याची जोखीम का घेईल? माहिती विनाकारण नाकारली तर त्याला दंड रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि तोही क्वचितच लागतो. दुसऱ्या बाजूला डेटा संरक्षण कायद्यातला दंड २५० कोटींपर्यंत जातो. तो संस्थेवर असतो आणि वेगळ्या चुकांसाठी असतो, हे त्याला कुणी समजावून सांगणार नाही. शिवाय विसंगती आली तर आपलाच कायदा वरचढ ठरेल असं डेटा संरक्षण कायद्याचं कलम ३८ सांगतं, आणि माहिती अधिकाराचं कलम २२ही तेच सांगतं. अशा गोंधळात कारकुनापासून आयुक्तापर्यंत प्रत्येकाला सुरक्षित वाटणारं उत्तर एकच: नकार.

माहिती अधिकाराचा धंदा झालाय, अर्ज टाकून पैसे उकळणाऱ्यांच्या टोळ्या झाल्यात, ही तक्रार खोटी नाही. ग्रामसेवक, बिल्डर, शाळांचे मुख्याध्यापक यांच्याकडून ती नेहमी येते. पण खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३०८ आहे. खंडणीखोराची ताकद माहिती मिळण्यात नसते, ती फक्त त्याला मिळून बाकीच्यांपासून लपून राहण्यात असते. यादी फलकावर लावलेली असेल तर तिच्या जोरावर कुणाला धमकावणार? आणि या कायद्याच्या वापरकर्त्यांबद्दल बोलताना तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी आठवले पाहिजेत. जमीन व्यवहारांची कागदपत्रं ते काढत होते. १३ जानेवारी २०१०ला सकाळी भर रस्त्यात त्यांचा खून झाला. त्यांच्यासारख्यांना आता कायदा सांगतोय की जमीन घेणाऱ्याचं नाव ही त्याची खासगी बाब आहे.

अजून एक गोष्ट कबूल करायला हवी. जुन्या कलमाच्या काळातही सगळं छान होतं असं नाही. २०१२च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची सेवाविषयक माहिती, मालमत्ता, शिस्तभंगाच्या नोटिसा यांना वैयक्तिक ठरवलं, आणि देशभरच्या कार्यालयांनी त्या निकालाची ढाल करून नंतर शेकडो नकार दिले. आत्ताची दुरुस्ती आकाशातून पडलेली नाही, ती त्याच वाटेचा पुढचा टप्पा आहे. तरी तेव्हा अर्जदाराकडे ‘व्यापक लोकहित’ हे शब्द होते, परंतुक होतं, २०१९चा निकाल होता. माहिती आयोगापुढे वाद घालायला जागा होती.

खासगीपणाची काळजीच करायची तर या कायद्याने ती कुणाची केली, हेही तपासू. खासगी कंपन्यांनी नागरिकाचा डेटा कसा हाताळावा याबद्दलची मुख्य कर्तव्यं अंमलात यायला अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. नागरिकाच्या माहितीच्या हक्काला लावलेली कात्री मात्र पहिल्याच दिवशी अंमलात आली. अनुदान, दाखले, योजना यांसाठी सरकार वेगळी संमती न घेता लोकांचा डेटा वापरू शकतं, कलम १७खाली केंद्र आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकतं, आणि देखरेख करणाऱ्या डेटा संरक्षण मंडळावरच्या नेमणुकाही केंद्रच करतं. म्हणजे सरकारला नागरिक अधिकाधिक स्पष्ट दिसणार आणि नागरिकाला सरकार अधिकाधिक धूसर. खासगीपणाचा हक्क जन्माला आला तो सत्तेपासून दुबळ्या माणसाला वाचवण्यासाठी. कंत्राटदार, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्या सार्वजनिक व्यवहारावर तो पांघरला तर ज्याच्यासाठी तो होता त्याचंच त्यातून नुकसान होतं. रेशन कार्डावर आपल्या नावाचं धान्य कुणी उचललं हे शोधणाऱ्या बाईला कोणता खासगीपणा मिळाला?

मागणी अवघड नाही. डेटा संरक्षण कायद्याचं कलम ४४(३) रद्द करून आठ-एक-जे जसंच्या तसं परत आणावं. तेवढी राजकीय तयारी नसेल तर निदान श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातली नुकसान आणि लोकहित तोलण्याची अट तरी घालावी. तोवर अर्ज करणाऱ्यांनी आपल्या अर्जातच कलम ८(२)मधलं लोकहित लिहावं आणि कलम १०प्रमाणे अंशतः माहिती मागावी. नकार आला तर दोन्ही मुद्द्यांवर कारणांसह लेखी निर्णय का नाही, हा प्रश्न पहिल्या अपिलात उचलावा. राज्य माहिती आयोगापुढे दुसरं अपील उभं राहील ते त्याच कागदावर. दुरुस्तीचं नाव सांगून कुठे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची लाभार्थ्यांची यादी उतरवली जात असेल, तर तिथे कलम ४(१)(ख) दाखवावं. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि त्यांचे लाभार्थी कोण, ही माहिती कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, आणि त्या कलमाचा एक शब्दही बदललेला नाही.